सोसायटीच्या रेन ट्रीची तपासणी आणि छाटणी, मुलुंड : ५ पैकी ४.५ स्टार

झाडांची तपासणी आणि छाटणी करणाऱ्या ह्या टीमला आम्ही मुलुंडच्या आमच्या सोसायटीत बोलावलं होतं, गेटजवळच्या जुन्या रेन ट्रीसाठी. काम मे २०२४ मध्ये झालं आणि मी मुद्दाम पूर्ण पावसाळा जाऊ दिला, कारण झाडाचं काम झाल्या दिवशी छानच दिसतं, खरं काय ते वारापाऊस अंगावर घेतल्यावर कळतं. आता पाऊस गेलाय, झाड उभं आहे, पालवी दाट आहे, म्हणून लिहायला बसले. थोडं लांबेल, पण ज्या सोसायट्यांत सध्या "ते झाड काढून टाका" वर मीटिंगा चालू आहेत त्यांनी तरी पूर्ण वाचा.

आधी झाडाबद्दल. आमची सोसायटी ४८ फ्लॅटची, बिल्डिंग १९७८ ची. झाड त्याच्याही आधीचं, बी विंगमधल्या आजींकडे १९७१ चा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे, त्यात इथे बैठं घर होतं आणि त्या घरामागे हेच झाड दिसतं, तेव्हाच छपराच्या वर गेलेलं. आज बुंध्याला तीन माणसांनी हात धरले तर कसेबसे पुरतात. उन्हाळ्यात ए आणि बी विंगच्या पश्चिमेच्या भिंतींवर दुपारभर त्याची सावली असते आणि संध्याकाळी त्याची पानं मिटली की पोरांना घरी बोलावायची वेळ झाली असं आमच्या आया म्हणायच्या. मी ह्याच बिल्डिंगमध्ये वाढले, लग्नानंतर दहा वर्षं बाहेर राहून परत इथेच आले, त्यामुळे ह्या झाडाबद्दल मी तटस्थ नाही हे आधीच सांगते.

जून २०२३ मध्ये रात्री पावसात त्याची एक फांदी खाली उभ्या असलेल्या दोन स्कूटरवर पडली. माणूस कोणी नव्हतं, नशीब. पण दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झाड काढा, नाहीतर निदान अर्धं करा, हे सुरू झालं. लोकांची भीती खोटी नव्हती हो, ज्यांची मुलं रोज त्याच्याखालून स्कूलबसला जातात त्यांना मी काय सांगणार की मला सावली आवडते? शिवाय जुनी तक्रार होतीच, गाड्यांवर चिकट थेंब पडतात, काळ्या चिकट शेंगा चपलेला लागून घरात येतात, फेब्रुवारी मार्चला पानांचा ढीग पडतो.

आणि आमच्याकडे आधीचा एक वाईट अनुभव होता. २०१९ मध्ये कमिटीने एका कॉन्ट्रॅक्टरला छाटणीचं काम दिलं होतं (नाव लिहीत नाही, असं काम करणारे कितीतरी आहेत). त्याचा रेट कमी होता कारण लाकूड तोच घेऊन जाणार होता, आणि आता मागे वळून बघितलं तर सगळी चूक तिथेच होती, जितकं जास्त कापेल तितका त्याचा टेम्पो भरणार. मागच्या बाजूचे दोन गुलमोहर आणि एक पेल्टोफोरम (सोनमोहर) त्याने वरून सपाट छाटले, खांबासारखे. आम्हाला तेव्हा वाटलं वा, किती साफ झालं, उजेड आला. पुढच्या पावसात त्या ठोकळ्यांच्या टोकाला झाडूसारखे धुमारे फुटले, एकाच जागी पंधरा पंधरा, भराभर वाढले, आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात एका गुलमोहराचे तेच नवे धुमारे सालीसकट फाटून खाली आले. दुसरा गुलमोहर वरून कुजत कुजत गेल्या वर्षी वाळला. म्हणजे धोका कमी करायला पैसे दिले आणि धोका विकत घेतला.

हे का होतं ते ह्या टीमच्या झाडं तपासणाऱ्या बाईंनी नंतर आम्हाला फार नीट समजावलं. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. ते कुजलेला भाग आतल्या आत भिंती घालून बंद करतं आणि त्याच्या भोवतीने नवं लाकूड वाढवतं. जाड फांदी मधेच कापली की एवढं मोठं तोंड त्याला बंदच करता येत नाही, कूज आत उतरत जाते, आणि वरचे नवे धुमारे नुसते सालीच्या लगेच खालच्या थरातून फुटलेले असतात, जुन्या फांदीसारखे खोडाच्या आत रुजलेले नसतात, म्हणून वजन आलं की निसटतात. हे कोणी आम्हाला २०१९ मध्ये सांगितलं असतं तर दोन गुलमोहर आज उभे असते.

तर ह्या वेळी मी हट्ट धरला की कापणाऱ्याला बोलवायच्या आधी तपासणाऱ्याला बोलवायचं. खजिनदार काका म्हणाले नुसतं बघायचे ६,५०० रुपये कोण घेतं, झाड काय पेशंट आहे का. मी म्हटलं काका आहेच, ५० वर्षांच्या वरचं आहे. शेवटी मीटिंगमध्ये एका मताच्या फरकाने पास झालं.

तपासणी फेब्रुवारीत झाली. सकाळी आठला त्या बाई आणि एक मुलगा आले आणि पहिला अर्धा तास कोणी झाडाला हातसुद्धा लावला नाही, लांबून सगळ्या बाजूंनी बघत होते, रस्त्यापलीकडून, ए विंगच्या गच्चीवरून. मग हातोडीने बुंध्यावर ठोकत गोल फिरल्या आणि जिथे आवाज बदलतो तिथे खडूने खूण. आमच्या मुलांना हे फार आवडलं, प्रत्येकाने ठोकून बघितलं आणि खरंच आवाज वेगळा येतो, भरीव जागी टणक आणि ढोली असेल तिथे ढोलासारखा. मग बारीक सुईसारख्या ड्रिलचं एक मशीन लावलं, सुई लाकडात जाताना किती जोर लागतो त्याचा कागदावर आलेख येतो, जिथे लाकूड मऊ किंवा पोकळ तिथे रेघ खाली बसते. गेटच्या बाजूला आत पोकळी निघाली. ते ऐकून तिथे उभे असलेले चार जण लगेच म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो.

पण बाईंनी तो आलेख तिथेच कठड्यावर ठेवून दाखवला. पोकळ आहे म्हणजे पडणार असं नाही. जुन्या झाडाचा मधला भाग तसाही मेलेलं लाकूडच असतो, पाणी आणि अन्न बाहेरच्या थरातून जातं आणि वजन पेलायला बाहेरची भिंत लागते, लोखंडी पाइप आतून पोकळ असतो तसं. बाहेरची निरोगी भिंत खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असली तर सहसा चालतं, आमच्याकडे त्याहून बरीच जास्त निघाली. हा ठोकताळा आहे, गॅरंटी नाही, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि मला तेच जास्त पटलं. कारण आधीच्या प्रत्येक माणसाने आम्हाला गॅरंटी दिली होती.

खरी काळजी त्यांना वर नव्हतीच, खाली होती. आमच्याकडे २०१६ मध्ये पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा ते पार बुंध्याला चिकटवून बसवले, वरून सिमेंटची एक कडी पण ओतली, दिसायला नीट म्हणून. तिथे थोडं उकरल्यावर खालची माती विटेसारखी घट्ट निघाली. आम्हाला सगळ्यांना वाटायचं एवढं मोठं झाड म्हणजे मुळं खोल पाताळात गेली असतील. तसं नसतं. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या एक दीड दोन फुटातच पसरलेली असतात आणि ती फांद्यांच्या घेरापेक्षाही लांब जातात. म्हणजे आमचं पूर्ण पार्किंग हे त्याच्या मुळांचं छप्पर होतं आणि आम्ही ते सीलबंद केलं होतं. शिवाय एका बाजूला पाइपलाइनसाठी चर खणताना मनगटाएवढं जाड मूळ सरळ कापलं गेलेलं, त्याच बाजूच्या फांद्या वर सुकत होत्या. जून मध्ये पडलेली फांदी त्याच बाजूची. हे जुळल्यावर मीटिंगमध्ये जे सगळ्यात जोरात बोलत होते ते काका एकदम गप्प झाले, आणि मग म्हणाले, म्हणजे चूक झाडाची नाही. मला ते वाक्य फार लागलं.

पिठ्या ढेकूण (झाडाचा रस शोषणारी कीड) पण थोडा होता, दोन फांद्यांवर पांढरं कापसासारखं आणि मुंग्यांची रांग. मुंबईतले कितीतरी रेन ट्री ह्या ढेकणाने वाळून गेलेत, रस्त्याच्या कडेला मोठमोठे सांगाडे उभे असलेले आपण सगळ्यांनी बघितलेत. आमचं झाड अजून त्या स्टेजला नव्हतं. त्यांचं म्हणणं की आधी मुळांना श्वास द्या आणि पाणी द्या, दमलेल्या झाडावर कीड जास्त बसते, फवारणीचं नंतर बघू. फवारणी शेवटपर्यंत लागली नाही.

रिपोर्टमध्ये १४ फांद्या काढायच्या किंवा कमी करायच्या अशी यादी होती, फोटोसकट, आणि त्याच्या खाली न कापायच्या फांद्यांचीही यादी होती आणि प्रत्येकीपुढे का नाही ते लिहिलं होतं. रस्त्यावर झुकलेली जी जाड फांदी सगळ्यांना खुपत होती ती त्या दुसऱ्या यादीत होती. ती काढली तर पाऊण फुटाचं तोंड उघडं पडेल आणि झाडाचा तोल दुसरीकडे जाईल, म्हणून फक्त तिच्या टोकाचं वजन एका बाजूच्या उपफांदीपर्यंत कमी करायचं. माझ्या मते आम्ही ६,५०० रुपये दिले ते ह्या दुसऱ्या यादीसाठी. कापायचं काय हे सांगणारे दहा भेटतात.

आता परमिशनबद्दल, कारण बऱ्याच जणांना वाटतं खाजगी जागेतलं झाड म्हणजे आपण काहीही करू शकतो. महाराष्ट्रात शहरांसाठी झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ पासून आहे आणि त्यात झाड तोडणं ह्याची व्याख्याच अशी आहे की जाळणं, कापणं किंवा कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं त्यात येतं. म्हणजे बुंध्याशी कचरा जाळणं सुद्धा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हेरिटेज धरलं जातं, आणि झाड तोडायचं झालं तर त्याचं जेवढं वय तेवढी नवीन झाडं लावायची. आजींचा तो १९७१ चा फोटो इथे उपयोगी पडला, त्याची कॉपी रिपोर्टला जोडली. अर्ज, फोटो, प्रत्येक फांदीवर रंगाने नंबर, हे सगळं टीमने करून दिलं, आम्ही फक्त सह्या केल्या, मग पाहणीला माणूस आला आणि मार्चमध्ये छाटणीची परवानगी हातात आली. यादी इतकी स्पष्ट होती की पाहणीच्या वेळी एकही वाद झाला नाही.

पैशावर मात्र वाद झाला. छाटणीचे ५२,०००, दोन मोठ्या खोडांना वरती एकमेकांशी बांधायच्या दोराचे ११,०००, आळं मोकळं करायचे १४,०००, आणि आधीचे ६,५००, एकूण ८३,५००. फ्लॅटमागे साधारण १,७४० रुपये. दुसऱ्याचं क्वोटेशन होतं ४५,००० चं, त्यात "फुल कटिंग" आणि लाकूड त्याचं. मीटिंगमध्ये एका तरुण मुलाने सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या समितीचा आकडा वाचून दाखवला, २०२१ च्या सुरुवातीला समोर आलेल्या अहवालात त्या समितीने एका झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरली होती, त्यातले ४५,००० नुसत्या ऑक्सिजनचे. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेवरच्या पुलांसाठी जुनी झाडं तोडायची होती त्या प्रकरणातली ती समिती. आकडा ऐकून लोक चमकले. मला स्वतःला तो ऑक्सिजनचा हिशोब तितकासा पटत नाही, हवेत ऑक्सिजन भरपूर आहे आणि विकतच्या सिलिंडरच्या भावाने झाड मोजणं मला झाडाला कमी लेखल्यासारखंच वाटतं. पण कोर्टाच्या पातळीवर कोणीतरी झाडाला शून्याच्या वर किंमत लावली ह्याला महत्त्व आहे, कारण रस्ता, पूल, पार्किंग, सगळ्याच्या एस्टिमेटमध्ये झाडाची रक्कम बहुतेक वेळा फक्त ते कापायचा खर्च एवढीच असते.

माझं म्हणणं मी साधं मांडलं. ए विंगच्या पश्चिमेच्या चार फ्लॅटवर सावली आहे आणि सी विंगच्या पश्चिमेच्या फ्लॅटवर नाही, दोन्हीकडे उन्हाळ्याच्या दुपारी चार वाजता भिंतीला हात लावून या. सहा जण खरंच जाऊन आले. सी विंगची भिंत रात्री नऊपर्यंत गरम असते, तिथल्या ताई म्हणाल्या आम्ही सोफा त्या भिंतीपासून हलवलाय. त्यानंतर हात वर करून मतं घेतली, ३१ विरुद्ध ९.

काम एप्रिलच्या सुरुवातीला ठरलं होतं पण चढून बघितल्यावर वर घारीचं घरटं निघालं, पिल्लासकट. टीमने तिथेच दोर खाली घेतले आणि काम पुढे ढकललं. काही लोक चिडले, पावसाच्या आधी व्हायला हवं म्हणून, पण बाई ठाम होत्या, पिल्लू उडेपर्यंत आम्ही ह्या झाडावर करवत चालवणार नाही, पैसे परत हवे असतील तर देते. पिल्लू एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात उडालं, बी विंगच्या मुलांनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला. मुद्दाम सांगते, पावसाळ्यात रेन ट्रीवर बगळे आणि वंचक (छोटा तपकिरी बगळा) वसाहत करून घरटी करतात, तेव्हा ऐन पावसात छाटणी काढणं म्हणजे पिल्लं खाली पाडणं. छाटणीआधी वर चढून घरटं बघणार का, हे क्वोटेशन घेतानाच विचारा.

प्रत्यक्ष छाटणी ४ आणि ५ मे ला झाली, शनिवार रविवार. तिघे चढणारे, शहापूरकडचे, कमरेला पट्टा, दोर, हेल्मेट, आणि पायात खिळ्यांचे बूट नाहीत, कारण ते खिळे प्रत्येक पावलाला सालीत भोक पाडतात. सगळं दोरावर. प्रत्येक फांदी आधी दोराने बांधायची, मग कापायची, मग हळू खाली सोडायची. जाड फांदी तीन कापात काढत होते, आधी थोडं लांबवर खालून अर्धवट काप, मग त्याच्या जरा पुढे वरून, म्हणजे फांदी सुटताना खोडाची साल सोलत खाली जात नाही, आणि मग उरलेला ठुंठ शेवटच्या कापाने. तो शेवटचा काप कुठे घ्यायचा ह्यावर सगळं असतं. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सुजल्यासारखी एक कडी दिसते, त्या कडीच्या लगेच बाहेर कापायचं. कडीत शिरलात तर जखम मोठी, लांब ठेवलंत तर ठुंठ कुजतो. मी दोन दिवस खाली उभी राहून बघत होते आणि त्या मुलांनी प्रत्येक वेळी ती कडी हाताने चाचपून मगच करवत लावली.

आमच्याकडे एक काका आहेत, गावाला आंब्याची बाग आहे त्यांची, ते बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) घेऊनच खाली आले, कापल्या जागी लावायला. बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, बागेत तुम्ही लावता त्याला कारणं आहेत म्हणाल्या, पण इथे कडीच्या बाहेर बरोबर कापलंय तर झाड स्वतः बंद करेल, वर काहीही फासलं की खाली ओल धरून राहते. ऑइलपेंट, डांबर, गेरू, काहीच लावलं नाही. काकांना पूर्ण पटलं नाही पण नोव्हेंबरमध्ये त्यांनीच मला बोलावून दाखवलं, कापाच्या चारी बाजूंनी गोल वळ उठलाय, अंगठ्याएवढा जाड. ह्या वेळी पेस्ट त्यांनी आणली नव्हती.

एकूण पाला किती निघाला तर दोन छोटे ढीग. काही जणांना वाटलं एवढ्याशासाठी ५२,०००? झाड काल होतं तसंच दिसतंय! ही तक्रार मी तीन वेळा ऐकली आणि प्रत्येक वेळी मागच्या पेल्टोफोरमकडे बोट दाखवलं.

आळ्याचं काम मला सगळ्यात आवडलं. पेव्हर ब्लॉक आणि ती सिमेंटची कडी फोडून बुंध्याभोवती मोकळी जागा केली, मशीन नाही, छोटी कुदळ, खुरपं आणि हात, मुळाला धक्का नको म्हणून. आतून काय काय निघालं, डेब्रिज, दुधाच्या पिशव्या, एक आख्खी टाइल. एक कार पार्किंग त्यात गेलं आणि त्यासाठी दुसरीकडे अ‍ॅडजस्ट करावं लागलं, ते भांडण अजून पूर्ण मिटलेलं नाही. दिल्लीत हरित लवादाने २०१३ मध्येच झाडांभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त करायला सांगितली होती असं बाईंनी मीटिंगमध्ये सांगितलं, पण एवढ्या मोठ्या झाडाला एक मीटर काहीच नाही, आम्ही जमेल तिथे पाच फुटांपर्यंत गेलो. वर आमच्याच झाडाचा पालापाचोळा चार बोटं जाड पसरला, बुंध्याला न टेकवता. आधी तोच पाला आम्ही पोत्यात भरून पैसे देऊन बाहेर पाठवायचो.

बुंध्यातून १९ खिळे निघाले. फ्लॅट भाड्याने देण्याचे बोर्ड, ट्यूशनचे बोर्ड, गणपतीतल्या लायटिंगची वायर तर सालीने गिळून टाकलेली. जे सहज निघाले तेवढेच काढले, खोल गेलेले तसेच ठेवले, उपटताना जखम आणखी मोठी झाली असती म्हणून. आता गणपतीत लायटिंग सैल दोरीने गुंडाळतो आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी उतरवतो. खोडाला गेरू चुना लावायचं पण बंद केलं.

काम झालं आणि आठच दिवसांनी, १३ मे ला ते धुळीचं वादळ आलं, ज्यात घाटकोपरचं होर्डिंग पडलं. आमच्या इथेही समोरचं काही दिसत नव्हतं, मी गॅलरीत उभी होते आणि झाड असं हलत होतं की मला श्वास घेता येईना. काहीही पडलं नाही, बोटाएवढ्या काड्या सोडल्या तर. छाटणीमुळेच वाचलं असं मी म्हणणार नाही, कदाचित तसंही उभं राहिलं असतं. पण २०१९ सारखं कापलेलं असतं तर काय झालं असतं ते आम्ही तौक्तेत बघितलंय. पूर्ण पावसाळ्यात एकच मनगटाएवढी सुकी फांदी पडली, रस्त्याच्या उलट बाजूला, आळ्यातच. आणि मूळ कापलेल्या बाजूला, जिथे दोन वर्षं नुसत्या काड्या होत्या, तिथे ऑगस्टमध्ये पालवी दिसली.

आता अर्धा स्टार का कापला. रिपोर्ट इंग्लिशमध्ये आला, २२ पानं, आणि आमच्या कमिटीतल्या अर्ध्या लोकांना तो वाचता आला नाही. सांगितल्यावर दोन पानांचं मराठी करून दिलं आणि ते इतकं सोपं होतं की आधीच दिलं असतं तर एक मीटिंग वाचली असती. झाड वाचवायचं की नाही हे ठरवणारे बहुतेक साठीच्या पुढचे लोक असतात, त्यांच्या भाषेत लिहा. दुसरं, घरट्याची वाट बघणं बरोबरच होतं, पण पिल्लू उडाल्यावरही त्यांची दुसरीकडची इमर्जन्सी निघाली म्हणून आणखी ९ दिवस गेले आणि ते आम्हाला आयत्या वेळी कळलं, आम्ही गाड्या हलवायच्या नोटिसा लावून बसलेलो. तिसरं, कापलेलं लाकूड नेणं त्यांच्या कामात धरलेलं नसतं, ते क्वोटेशनमध्ये लिहिलंय पण बारीक अक्षरात. ते लाकूड नेत नाहीत ह्याचं कारण मला पटतं, तरी आम्हाला टेम्पो शोधत फिरावं लागलं.

बोलावणार असाल तर डिसेंबर जानेवारीतच फोन करा, मार्चनंतर त्यांच्याकडे तारीख मिळत नाही आणि परवानगीलाही वेळ लागतो. झाडाचा जुना फोटो असेल तर शोधून ठेवा. आणि आधी तपासणी एवढंच काम द्या, छाटणीचं नंतर ठरवा. आमच्या शेजारच्या सोसायटीत त्यांनी तपासणी केली आणि सांगितलं ह्यात काहीच कापायची गरज नाही, पाणी द्या आणि पेव्हर काढा, तपासणीचे पैसे घेतले आणि गेले.

आमची पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे, तो वरचा दोर सैल झालाय का घट्ट ते बघायला. तारीख ठरली की इथेच खाली लिहीन. आजूबाजूच्या सोसायट्यांपैकी कोणाला बघायला यायचं असेल तर सकाळी आठला गेटवर या, हातोडी ठोकून आवाज ऐकायला मुलांनाही घेऊन या.